तीन वर्षं घर कोण बघणार?

त्र्यंबकेश्वरात पोटापाण्याचं सगळं एका दाराला टांगलेलं आहे. नारायण नागबळी, त्रिपिंडी, कालसर्प करायला येणारे यजमान, त्यांना उतरवून घेणारी घरं आणि लॉज, पूजेचं साहित्य, फुलं, जेवणावळी, रिक्षा, चहाच्या टपऱ्या. मार्च 2020 मध्ये मंदिराचं दार बंद झालं, नोव्हेंबरात पाडव्याला उघडलं, 2021 च्या एप्रिलात पुन्हा मिटलं ते थेट 7 ऑक्टोबरला, घटस्थापनेला उघडलं. पूजा सांगणाऱ्यांपासून पेढेवाल्यापर्यंत सगळे घरात बसून होते, आणि दवाखान्यातली माणसं तेवढी रोज कामावर जात होती.

‘हाताशी दुसरं काहीतरी हवं’ ही भाषा गावात तेव्हापासून जास्त ऐकू येते. बाप्यामाणसांच्या तोंडी ती गाडी घेऊ, प्लॉट घेऊ अशी निघते. तिशी ओलांडलेल्या, बारावी किंवा पदवीपर्यंत शिकलेल्या बायकांच्या तोंडी ती पुष्कळदा नर्सिंगवर येऊन थांबते.

खालच्या संवादातल्या दोघी मी अशा बोलण्यांमधून उभ्या केल्या आहेत, त्या कुणा एकीच्या नावावर नाहीत. नियम आणि आकडे मात्र खरे. भाची 33 वर्षांची, कॉमर्सची. एका लॉजचं काउंटर आणि हिशेब सांभाळते. नवऱ्याचं पूजासाहित्याचं दुकान, मुलगा सातवीत, सासूबाई घरात. मावशी निवृत्त परिसेविका. नोकरीची पहिली वर्षं हरसूलकडच्या पट्ट्यात काढली, पुढची नाशिकला. वाचणाऱ्याला वाटेल, मावशी म्हणणार ‘ये बाई’. पण ज्यांनी जन्म वॉर्डात काढला त्याच आधी ‘नको’ म्हणतात.

भाची : मावशी, मी जीएनएमचा, नर्सिंगच्या डिप्लोम्याचा फॉर्म भरणार आहे.

मावशी : कुणी डोक्यात घातलं?

भाची : कुणी कशाला घालायला हवं? सासऱ्यांचं दोन वर्षं मीच केलं ना? अर्धांग झालेला माणूस. कूस बदलायची, नळीतून भरवायचं, लघवीची पिशवी रिकामी करायची. पाठीला एक जखम होऊ दिली नाही. डॉक्टर म्हणाले, तुम्ही नर्सच व्हायला हवं होतं.

मावशी : डॉक्टर प्रत्येक सुनेला तेच म्हणतात. त्यांचं काय जातंय? हे बघ, तू केलंस ते चांगलंच केलंस. पण तुझे सासरे एक होते. वॉर्डात चाळीस सासरे असतात आणि त्यातले दहा-बारा एकाच वेळी हाका मारतात. घरी तू उशाशी बसून राहिलीस, तिथं ते बरोबर होतं. वॉर्डात एकाच्या उशाशी बसलीस तर पलीकडचा जाईल. कुणाला थांबवायचं आणि कुणाकडे धावायचं, ते शिकायला तीन वर्षं लागतात. ओरडणारा बहुतेक वेळा ठीक असतो. मघापर्यंत बडबडत होता आणि आता गप्प पडलाय, त्याच्याकडे आधी जायचं.

भाची : पण इतक्या पेशंटमागे इतक्या नर्स, असा नियम असेल ना?

मावशी : आहे की. भारतीय परिचर्या परिषदेचा आहे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 3 रुग्णांमागे 1, साध्या रुग्णालयात 5 रुग्णांमागे 1, शिवाय रजा-सुट्ट्यांसाठी 30 टक्के जादा. कागद अगदी देखणा आहे. नाईटला तो कागद हातात घेऊन वॉर्डात उभी राहा आणि मोज.

भाची : तू मला घाबरवतेयस.

मावशी : घाबरवत नाही, ओव्हर देतेय. पाळी संपली की पुढचीला सगळं सांगून जायचं असतं, चांगलं तेवढं सांगून चालत नाही.

भाचीकडे याला उत्तर होतं, आणि ते तिनं जपून ठेवलेलं होतं.

भाची : फ्लॉरेन्स नाइटिंगेल पहिल्यांदा अशा कामावर रुजू झाली ती 33 व्या वर्षी. माझंच वय. 1853 साली, लंडनच्या हार्ली स्ट्रीटवरच्या रुग्णालयात. क्रिमियाच्या युद्धावर जाणं आणि तो दिवा पुढच्या वर्षीचा.

मावशी : एवढं वाचलंस, मग तिथंच पुढं लिहिलेलं का नाही वाचलंस? त्या कामाचा तिला पगार नव्हता. बाप वर्षाला 500 पौंड देत होता म्हणून तिला जमलं. दिव्याची गोष्ट आम्हांला पहिल्या आठवड्यात सांगतात, पौंडांची कुणी सांगत नाही. तुला कोण देणार आहे?

भाची : बरं, ती इंग्रजीण राहू दे. पुण्याच्या सेवासदनातल्या बायकांना कोण देत होतं? रमाबाई रानड्यांनी विधवा बायकांना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवलंच ना? त्या काय अठरा वर्षांच्या आणि सायन्सच्या होत्या?

या उदाहरणावर भाचीला शाबासकी द्यायला हवी, कारण मराठी मुलखात नर्सिंग हे आयुष्याच्या दुसऱ्या डावाचं काम म्हणून उभं राहिलं ते बरंचसं तिथंच. पुण्याचं सेवासदन 1909 चं. रमाबाईंसोबत गोपाळ कृष्ण देवधर होते. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, कुठल्याही जातीच्या माणसाचं मलमूत्र काढायचं, रात्री घराबाहेर राहायचं, यांतली एकेक गोष्ट त्या काळच्या पांढरपेशा घराला झीट आणायला पुरेशी होती. तरी बायका गेल्या. संसार एकदा मोडलेला, पुढचं सगळं आयुष्य माजघराच्या कोपऱ्यात जायचं, अशा बायकांनी ससूनचा जिना चढला. त्यांच्या धैर्याबद्दल आपण बरंच लिहितो. त्यांना ते कसं परवडलं, याबद्दल फार कमी.

मावशी : संस्थेनं दिलं. राहायला वसतिगृह होतं, वेळेवर ताट मिळत होतं, पाठीशी देणगीदार होते. आणि कडू लागेल, पण ऐक. त्या बायकांची सकाळी सात वाजता वाट बघणारं घरी कुणी नव्हतं. दुःखच ते, पण शिकायला वेळ त्यातूनच निघाला. तुझ्याकडे डबा आहे, दूधवाला आहे, सासूबाईंची बीपीची गोळी आहे, श्रावणी सोमवारचे पाहुणे आहेत. तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला येणारे तुझ्याच घरी अंघोळीला येतात की नाही?

भाची : येतात. गेल्या खेपेला चौदा जण होते.

मावशी : मग? त्या दिवशी तुझी क्लिनिकल पोस्टिंग सकाळी साडेसातला असेल नाशिकला. इथून 28 किलोमीटर, त्यात सोमवारचा रस्ता बंद. काय करशील?

भाची गप्प. इथे मी मावशीच्या बाजूचा आहे, आणि म्हणूनच मला भाचीची कीव करणारी मंडळी आवडत नाहीत. उशिरा नर्सिंगला निघालेल्या बाईला सगळे जण मनाबद्दल विचारतात. झेपेल का, रक्त बघवेल का, सेवाभाव आहे का. ज्या बाईनं दोन वर्षं अर्धांगाचा रुग्ण सांभाळला तिला हे विचारण्यात काय मतलब? विचारायचं ते घराला, आणि घर त्या वेळी टीव्ही बघत असतं.

पण आधी वयाचा हिशेब. तो भाचीला मावशीपेक्षा चांगला येतो.

भाची : मी सगळं काढून ठेवलंय. बीएस्सी नर्सिंगला बारावीला फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी लागतं, म्हणजे ते गेलं. जीएनएमला कुठलीही शाखा चालते, इंग्रजी हवं आणि 40 टक्के. वयाची अट 17 ते 35. कोर्स तीन वर्षांचा. आरोग्यसेविकेचं एएनएम दोन वर्षांचं, त्यालाही 35 च.

मावशी : आणि नोकरीचं?

भाची : शासनाच्या सरळसेवेला खुल्या वर्गाला 38, मागास वर्गाला 43. मी खुल्यात. औंदा प्रवेश मिळाला तर पास होईन तेव्हा 36 उलटलेलं असेल. मग नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन. म्हणजे जाहिरातीसाठी माझ्याकडे सव्वा-दीड वर्ष राहतं.

मावशी : आणि जाहिरात काय एसटीसारखी वेळापत्रकावर येते का? आली तर एकदम हजारोंची येते, नाही तर वर्षानुवर्षं नाही. दीड वर्षात आलीच नाही, तर?

भाची : नाही आली तर नाही. पण दुसऱ्या बाजूनं बघ. 36 व्या वर्षी लागले तर 58 पर्यंत 22 वर्षं काम करीन. एवढी वर्षं मिळत असताना 35 ला दार का लावायचं? माझी पोरं-बाळं होऊन गेली, बाळंतपणाच्या रजा संपल्या, लग्न होऊन दुसऱ्या गावी जायची नाही. मी तर त्यांना परवडणारी आहे.

मावशीकडे याला उत्तर नाही. माझ्याकडेही नाही. नर्सेसचा तुटवडा आहे हे शासन सांगतं, वॉर्ड सांगतो, रुग्णाचा नातेवाईक तर रोज ओरडून सांगतो. डोंगराळ-आदिवासी भागात 3,000 लोकवस्तीला एक उपकेंद्र आणि 20,000 ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे, आणि जवळपास सगळा त्र्यंबक तालुका त्यातच मोडतो. अशा ठिकाणी नाशिकहून येऊन-जाऊन नोकरी करणारीपेक्षा इथंच राहणारी, इथली बोली कळणारी, चाळीशीकडे झुकलेली बाई बरी की वाईट? वयाच्या अटीमागे काही विचार असेल तर तो अजून मला कुणी समजावून सांगितलेला नाही. अठराव्या वर्षी मुलीनं काय व्हायचं ते ठरवावं आणि जन्मभर त्याला चिकटून राहावं, हा जुन्या नोकरीच्या काळातला हिशेब अजून फॉर्मवर बसलाय, एवढंच दिसतं.

मावशी : पगाराचं बघितलंस?

भाची : शासकीय अधिपरिचारिका, 35,400 मूळ वेतन, वर भत्ते. आरोग्यसेविका 25,500. दोन्ही मला चालतील. लॉजवर मला बारा मिळतात.

मावशी : हे कायमच्या नोकरीचं झालं. कंत्राटावर, राष्ट्रीय आरोग्य अभियानात, स्टाफ नर्सला महिना 20,000 अशा जाहिराती आम्ही वर्षानुवर्षं वाचल्या. तेच इंजेक्शन, तीच नाईट, शेजारच्या खुर्चीवर बसलेली दुप्पट घेते. 2022 च्या मे महिन्यात आमच्या संघटनेनं संप केला तो कशासाठी? भरती बाहेरच्या एजन्सीकडून करायला निघाले होते म्हणून. आणि खासगीत गेलीस तर विचारूच नकोस.

भाची : खासगीचंही वाचलंय. सुप्रीम कोर्टानं 2016 मध्ये समिती नेमायला लावली. 200 च्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सएवढा पगार. 100 ते 200 खाटांना फार तर 10 टक्के कमी. 50 ते 100 ला 25 टक्के कमी. 50 च्या आत असेल तरी 20,000 च्या खाली नको.

मावशी : शिफारस आहे ती. शिफारशीला दात नसतात. माझ्या ओळखीतल्या एका जीएनएम झालेल्या पोरीला एका छोट्या खासगी दवाखान्यात तुझ्या लॉजएवढे देतात. वर सांगतात, हे सेवेचं काम आहे, पैशाकडे बघू नका. मालकानं बघायला हरकत नाही, फक्त सिस्टरनं बघायचं नाही.

भाची : म्हणजे तुझं म्हणणं, येऊच नको.

मावशी : माझं म्हणणं, तुला हिशेब येतो तर एखाद्या मोठ्या रुग्णालयात बिलिंगला बस. पंखा, खुर्ची, रविवारची सुट्टी.

भाची : दहा वर्षं पावत्याच फाडल्या, मावशी. आणखी पंचवीस वर्षं पावत्या? पहाटे साडेचारला यजमान येतो, गिझर बंद आहे म्हणून माझ्यावर ओरडतो, मी त्याला शांत करते, त्याची पूजा होते, तो जातो. काय राहतं मागं? रजिस्टरमध्ये एक ओळ.

मावशीनं यावर जे विचारलं ते मला अपेक्षित नव्हतं.

मावशी : बरं, एक गणित सांग. 500 मिलीची सलाईनची बाटली, आठ तासांत संपवायची. सेट असा आहे की 20 थेंबांचा एक मिली होतो. मिनिटाला किती थेंब सोडशील?

भाची : 500 गुणिले 20, दहा हजार थेंब. आठ तास म्हणजे 480 मिनिटं. वीस पूर्णांक आठ. एकवीस.

मावशी : हं. आमच्याकडे आलेल्या सायन्सच्या पोरी मोबाईल काढायच्या. आता हेच रात्री तीनला करायचं, लाईट गेलेली, घड्याळाचा काटा आणि थेंब एकाच वेळी बघत. आणि तू ओरडणाऱ्या यजमानाचं म्हणालीस ना, ते काम अर्ध्या वॉर्डाला येत नाही. इनचार्ज झाले तेव्हा माझा अर्धा दिवस इंडेंट आणि स्टॉक बुकात जायचा. किती कुप्या आल्या, किती फुटल्या, किती कुणाला दिल्या. त्या रजिस्टरची ओळ चुकली तर माणूस जातो. तेवढं तुझं आहे, हे मी मानते.

आणि मग मावशी हरसूलपट्ट्यातल्या पावसाळ्यात गेली. ‘नको’ म्हणणाऱ्या मावशीचं खरं मन इथं दिसतं, म्हणून तिला मध्ये न तोडता बोलू देतो.

मावशी : भातलावणीचे दिवस. रात्री पाड्यावरून जीप येते, आत घोंगडीत गुंडाळलेला माणूस. साप चावला. कुठला, कुणी पाहिलेला नाही. पहिलं काय करायचं? दोन मिली रक्त काढायचं, काचेच्या कोरड्या नळीत घालायचं आणि नळी उभी ठेवून द्यायची. काचेचीच हवी, प्लॅस्टिकची चालत नाही. साबणानं धुतलेली नको. हलवायची नाही, हात लावायचा नाही. वीस मिनिटं. मग तिरकी करून बघायची. रक्त गोठलं नसेल, पाण्यासारखं वाहिलं, तर घोणस किंवा फुरसं, विष रक्तात उतरलंय. गोठलं म्हणून तू निवांत झालीस, आणि तिकडे त्याच्या पापण्या मिटायला लागल्यात, बोलणं जड झालंय, तर बहुधा मण्यार. मण्यार चावलेली कळतही नाही पुष्कळदा, जमिनीवर झोपलेल्याला.

भाची : आणि मग लस.

मावशी : मग लस. कुपीत भुकटी असते, तिच्यात पाणी सोडायचं. घाई असते म्हणून पोरी कुपी खसाखसा हलवतात, फेस होतो. हलवायची नाही, तळहातात फिरवायची, हळूहळू. अशा दहा कुप्या. तोवर ॲड्रिनलिन भरून ट्रेमध्ये तयार, कारण लशीनंच अंगावर गांधी उठून माणूस कोसळू शकतो. आणि ती वीस मिनिटं नळी उभी असते ना, तेव्हा बाहेर नातेवाईकांची कुजबुज चालू असते, भगताकडे नेऊ या, इथं नुसतं रक्त काढून बसवलंय. त्यांच्याशी बोलायचं कुणी? डॉक्टर आत. वॉर्डातले मामा-मावश्या स्ट्रेचरला. सिस्टरनं बोलायचं. त्यांच्या बोलीत, न चिडता. वीस मिनिटं त्या माणसांना दारात धरून ठेवायचं. हे कुठल्या पुस्तकात नाही.

भाची : मला जमेल ते.

मावशी : माहितेय. म्हणून तर तुझ्याशी एवढी भांडतेय.

यानंतर बराच वेळ दोघी रात्रपाळीवर बोलल्या. भाचीच्या नवऱ्याची भीती तीच, आणि ती सांगताना तो नेहमीचं एक नाव घेतो. 27 नोव्हेंबर 1973 ला मुंबईच्या केईएममध्ये अरुणा शानबाग या परिचारिकेवर रुग्णालयातल्याच सफाई कर्मचाऱ्यानं अमानुष हल्ला केला. 18 मे 2015 ला त्यांचा मृत्यू झाला. मधली जवळजवळ 42 वर्षं केईएमच्या परिचारिकांनी, पिढ्या बदलल्या तरी, त्यांना सांभाळलं. सर्वोच्च न्यायालयानं 2011 च्या निकालात त्या शुश्रूषेचं कौतुक केलं. मावशीचं म्हणणं असं की पुरुष ही गोष्ट सांगताना 1973 ला थांबतात.

मावशी : जावईबापूंना म्हणावं, भीती खरी आहे. पण कपडे बदलायला कुलूपबंद खोली, नाईटला दोघी जणी, बाहेर उजेड, हे मागायला आमच्याबरोबर या. बायकोला घरी ठेवून काय होणार? रात्री तुमच्या आईच्या छातीत दुखलं तर तुम्ही तिला जिथं न्याल, तिथं कुणाची तरी बायको नाईटला असेलच ना?

भाची : हे तू त्यांना सांग.

मावशी : सांगेन. दुसरं, फसू नकोस. ‘सहा महिन्यांत नर्स व्हा’ म्हणणारे पाटीवर पाटी लावून बसलेत. ते घरगुती शुश्रूषेचे, मदतनिसाचे कोर्स. वाईट नाहीत, त्या कामालाही माणसं लागतात, पण ती नर्स नव्हे. महाराष्ट्रात 1966 चा परिचारिका कायदा आहे. महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी नसेल तर तू सिस्टर नाहीस, कितीही पांढरं घाल. पैसे भरायच्या आधी संस्थेला परिषदेची मान्यता आहे का बघ. आणि होस्टेलचं विचार. काही ठिकाणी होस्टेलला राहायची सक्ती असते. शासनाचं नाशिकच्या सिव्हिलचं बघ आधी, मग बाकीचं.

भाची : सिंहस्थात भरती निघेल म्हणतात.

मावशी : निघेल, तात्पुरती. 2027 ला साधू कुशावर्तात उतरतील तेव्हा तू अजून विद्यार्थिनी असशील. ते डोक्यातून काढ. कुंभ येईल आणि जाईल, तुझी नोकरी 22 वर्षांची.

भाची : आणि जर्मनी? महाराष्ट्र शासनानं 2024 मध्ये त्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केलाय ना, नर्सेसही हव्यात म्हणून.

मावशी : आधी इथल्या घोटीला जाऊन ये.

भाची हसली. मग जरा चिडलीही. तिचं म्हणणं, तू प्रत्येक गोष्टीला खो घालतेस. यावर मावशी जे बोलली ते थोडं लांब होतं. सार असं, की जर्मन भाषेची परीक्षा 19 वर्षांची पोर देते तेव्हा तिच्या डोक्यात दुसरं काही नसतं. भाचीच्या वर्गातल्या पोरी तिच्या निम्म्या वयाच्या असतील. त्यांची शरीररचना आणि सूक्ष्मजीवशास्त्र एका वाचनात पाठ होईल, हिला तीन वाचनं लागतील, आणि तीही इंग्रजीतून. तिसऱ्या वाचनाला रात्री साडेअकरा वाजलेले असतील. त्या वेळी ओट्यावर भांडी असतील तर वाचन होणार नाही. मन कितीही घट्ट असो.

भाची : म्हणजे फिरून तेच. घर.

मावशी : तेच. फी उभी राहील. दागिना आहे, कर्ज आहे, शिष्यवृत्तीला बसतेस का बघू. सासूबाई अजून हिंडत्या-फिरत्या आहेत, पोरगं लहान नाही. तुझा अभ्यासही होईल. बाराची आवक तीन वर्षं बंद, तेही दुकान ओढेल कसंतरी. मला खात्री नाही ती सकाळी साडेसहाची.

भाची : हे मदत करतात गं.

मावशी : मदत करतात म्हणजे तू सांगितलेलं करतात. तू नसताना स्वतःहून काय करतात?

भाची : ...

मावशी : दुकान किती वाजता उघडतं?

भाची : साडेआठ.

मावशी : आणि पोराचा डबा?

भाची : सातला.

मावशी : मग त्यांना एवढंच विचार, तीन वर्षं हा डबा कोण करणार. ‘बघू’ म्हणाले तर फॉर्म भरू नकोस, आणि कारण वयाचं सांग, लोकांना पटतं.

भाची : आणि ‘मी करीन’ म्हणाले तर?

मावशी : तर उद्यापासूनच करायला लाव. फॉर्म निघायला अजून वेळ आहे. तोवर कळेलच.